पुतण्या की डॉक्टर?

मुरुम गावी आमच्या शेजारी राहणारे शिवलिंगअप्पा एकटेच भांडायचे. भिंतीपलीकडून आवाज यायचा, "डॉक्टर कशाला मारंल? त्येला काय मिळणार व्हतं?" उत्तर देणारं घरात कुणी नव्हतं. त्यांच्या पत्नी गंगाकाकू वारल्या होत्या आणि मुलगा पुण्याला.

भांडण जुनं होतं. नव्या संसारात अप्पांनी वाचनालयातून एक गाजलेली रहस्यकथा आणून काकूंना मोठ्यानं वाचून दाखवली. शेवटची पानं कुणीतरी फाडून नेली होती. अप्पा म्हणत, सावकाराचा खून पुतण्यानं केला. काकू म्हणत, डॉक्टरनं. दुसरी प्रत मिळाली नाही आणि वाद जन्मभर पुरला. आमटी खारट झाली तरी गाडी तिथंच यायची.

"मीठ कळंना तुला, खुनी काय कळणार?"

"आन् तुमाला पुतण्याबिगर मानूसच दिसत न्हाय."

गेल्या वर्षी त्याच कथेवर टीव्हीवर मालिका आली. अप्पांनी मला हाक मारली, "येत जा रं रविवारी. एकट्यानं बघायचं म्हंजे…" मी जाऊ लागलो. मालिकावाल्यांनी घोडागाडीच्या जागी मोटार आणली, याचा अप्पांना लई राग. पण पडद्यावर डॉक्टर आला की ते काकूंच्या रिकाम्या खुर्चीकडे वळत. "बघ, कसा गरीब तोंडाचा हाय."

शेवटच्या भागात गुप्तहेरानं सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. "खुनी याच खोलीत आहे," तो म्हणाला आणि अप्पांनी टीव्ही बंद केला.

"अप्पा, आता तर सांगणार होता!"

"म्हनून तर." त्यांनी रिमोट मांडीखाली सरकवला. "कळलं की भांडन मिटलं. मग तिच्यासंगं बोलू काय मी?"

मला कुठलीच गोष्ट अर्धवट सोडवत नाही. घरी येऊन मी मोबाइलवर शेवट पाहिला. सकाळी अप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं.

"बघितलास व्हय? मग माझ्याम्होरं हसू नगंस. तोंडावरनं कळंल मला."

पुढे त्यांच्याकडे जाताना मी चेहरा सांभाळूनच जायचो. यंदा उन्हाळ्यात अप्पाही गेले.

परवा जेवताना बायकोनं विचारलं, "अहो, शेवटी खुनी कोण निघाला?"

मी भिंतीकडे पाहिलं आणि तिला म्हटलं, "हळू बोल."