गाणं बब्रुवानचं, कोठडी हैदरची

अणदूरचे बब्रुवान बंडगर जन्मभर मेंढरांमागं हिंडले आणि हिंडता हिंडता ओव्या रचत राहिले. लिहायला येत नाही, पण जुळलेली ओळ विसरत नाहीत. त्यांना ढोलकीची साथ हैदर शेख यांची. हैदरचाचा शिंपीकाम करतात. खंडोबाच्या यात्रेत दोघांची जोडी मिसरूड फुटायच्या आधीच जमली.

पंचवीस सालच्या मे महिन्यात सरहद्दीवर लढाई पेटली. बब्रुवानांच्या बहिणीचा, अयोध्याबाईंचा, नातू धनाजी फौजेत. त्याचा फोन लागेना. बाई रात्रंदिवस रडत होत्या. त्यांच्याच अंगणात बसून भावानं गाणं रचलं आणि हैदरचाचांच्या ढोलकीवर म्हटलं:

"अलीकडं रडती माय, पलीकडं रडती माय,
तोफे, तुला लेकरू न्हाय."

शेजारच्या कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं. दुसऱ्या दिवशी ते जिल्हाभर फिरत होतं आणि खाली शिव्या पडत होत्या. दुपारी पोलिसांची जीप आली. दोघांना नेलं, ढोलकीही उचलली. पुरावा म्हणे!

"असलं गाणं कुणाच्या सांगण्यावरून गायलात?" साहेबांनी विचारलं.

"बहिणीच्या रडण्यावरून," बब्रुवान म्हणाले.

"युद्ध चालू असताना पलीकडच्या आईसाठी गळा काढता? सैन्याचं मनोबल खचतं यानं."

संध्याकाळी बब्रुवानांना सोडलं. "जा बाबा. तुमच्या भोळेपणाचा फायदा घेतलाय यानं." हैदरचाचा मात्र आत. ज्यानं गाण्यातला एक शब्द रचला नाही, गायला नाही, तो सूत्रधार ठरला! कारण कागदावर कुठंच नव्हतं. त्यांच्या नावात होतं, आणि ते ठाण्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

बब्रुवान ठाण्याच्या पायरीवरच बसले. "साहेब, गाणं म्या रचलं, म्या म्हटलं. मला सोडताव अन् त्याला धरताव, ह्यो कुठला कायदा?"

"म्हातारबा, गप घरी जा, न्हाय तर तुमच्यावरही केस घालीन."

"मग घाला की! त्याच्यासाठीच बसलोय."

हैदरचाचांची बायको मदिनाबी डबा घेऊन आली. सोबत अयोध्याबाई. साहेबांसमोर उभ्या राहून त्या कडाडल्या, "माझा नातू तिकडं लढतोय. त्याच्यासाठी ज्यानं ढोलकी वाजवली, त्यो गद्दार व्हय?"

बब्रुवान उठेनात तेव्हा वैतागून त्यांच्यावरही गुन्हा नोंदवला. त्यांना जामीन लगेच मिळाला, हैदरचाचांना मात्र महिना उलटल्यावर. तोवर तोफा कधीच थंडावल्या होत्या. दरवर्षी चाचांना मिळणारं शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम दुसऱ्याकडं गेलं होतं. देशाला धोका होता म्हणे तो एका शिंप्याच्या ढोलकीचा!

धनाजी सुखरूप सुट्टीवर आला तो आधी हैदरचाचांच्या पाया पडायला गेला. "साक्ष देतो मी," म्हणाला. चाचांनी हात जोडले. "नको बेटा. तुझी नोकरी खातील."

त्या वर्षीच्या यात्रेत पंचांनी बब्रुवानांना निरोप दिला, की देवाचं गाणं म्हणा, ढोलकीला दुसरा माणूस देतो.

"हैदर न्हाय तर म्या बी न्हाय," त्यांनी सांगून टाकलं, आणि त्या यात्रेत ते गायले नाहीत.

खटला अजून चालू आहे. तारखेला दोघं एकाच एसटीनं जातात. कोर्टात पुकारा होतो तेव्हा पहिलं नाव हैदरचं येतं. चाचा उठायच्या आधी बब्रुवानच उठून उभे राहतात.