आमटी अळणी नव्हती

त्या दुपारी आमटी अळणी नव्हती. माझ्या जिभेची चव गेली होती, आणि ते मला दुसऱ्याच घासाला समजलं होतं. तरी मी ताट पुढे सरकवलं आणि स्वयंपाक केलेल्या माझ्या पोटुशी लेकीला म्हणालो, "काय गं, मीठसुद्धा टाकलं नाहीस?"

तिनं पळीतली आमटी तळहातावर घेऊन चाखली. माझ्याकडे पाहिलं. चिमूटभर मीठ माझ्या ताटात वाढलं. मी ते कालवून खाल्लं. तरीही काही लागलं नाही. मी म्हणालो, "आता कशी बरी लागतेय."

हे खोटं तेवढ्यावरच थांबलं असतं तर आज लिहायला बसलो नसतो.

कोरोनाची दुसरी लाट होती ती. मी कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी करतो. हंगाम नुकताच संपला होता. लेक पहिल्या बाळंतपणासाठी सुप्याहून माहेरी आली होती. जावई तिथल्या एमआयडीसीत कामाला. आल्या आल्या उंबऱ्याबाहेरूनच ती आईला म्हणाली, "मी आधी पंधरा दिवस पुढच्या खोलीत राहते. माझं ताट दाराशी ठेवत जा." तसं ती राहिली. तिला साधी शिंकसुद्धा आली नाही. म्हणजे आमच्या घरात येताना ती निरोगी होती, आणि याला साक्षीदार मीच होतो.

ती खोलीतून बाहेर आली आणि त्याच आठवड्यात मी एका मित्राच्या मुलाच्या साखरपुड्याला गेलो. गर्दीला बंदी होती, म्हणून कार्यक्रम उसाच्या आड, शेतातल्या शेडमध्ये ठेवला होता. बायको दारात आडवी उभी राहिली.

"घरात पोटुशी पोर हाय. तुमी गेला न्हाईत म्हून कोनाचा साखरपुडा मोडत न्हाई."

"लांब उभा राहून येतो गं."

लांब कसला, पंगतीत मांडीला मांडी लावून जेवलो. तोंडाचा रुमाल खिशात होता. कोणी तरी म्हणालं, आमच्या गुऱ्हाळाच्या धुरापुढं कोरोना टिकतोय का, आणि त्यावर मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

नंतर अंग मोडून आलं. ऊन लागलं असं मी घरात सांगितलं, गोळी खाल्ली आणि गप्प पडून राहिलो. मग ती आमटी. मग लेकीला ताप. तपासणीत तिचा अहवाल पॉझिटिव्ह आला. विचारपूस करायला आरोग्य केंद्रातून माणूस आला आणि त्यानं दारात उभं राहून साधा प्रश्न विचारला, "हिच्या आधी घरात कुणाला ताप, खोकला?"

लेक आतल्या खाटेवर होती. तिला ऐकू जात होतं. मी म्हणालो, "नाही. मुलगी सुप्याहून आलीय. जावई कंपनीत असतो."

दोन्ही वाक्यं खरी होती. त्यांच्या आधीचं 'नाही' तेवढं खोटं होतं.

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. सुप्यावाल्या पोरीनं रोग आणला. डेअरीवाल्यानं आमचं दूध नाकारलं. ज्यांच्या पोरींची बाळंतपणं माझ्या बायकोनं रात्रंदिवस निभावली, त्या बायका आमच्या दारावरून जाताना पदर नाकाला लावून जाऊ लागल्या. मला त्यांचा राग आला, आणि तो राग मला फार सोयीचा पडला. त्यांना शिव्या देताना स्वतःकडे बघावं लागत नव्हतं.

लेक त्यातून बरी झाली. पण बाळ दिवस भरायच्या आधीच आलं. मुलगी. वजन कमी, म्हणून काही दिवस काचेच्या पेटीत ठेवली. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला आणि बायकोला समोर बसवून सांगितलं, "बाळाची तपासणी निगेटिव्ह आहे. लवकर आलं ते आईच्या आजारामुळे का, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. आजाराशिवायही बाळं लवकर येतात. आजारी पडून गेलेल्या पुष्कळ आयांची बाळं चांगली वाढताहेत. हिला ऊब द्या, लसी वेळेवर द्या आणि आईचंच दूध द्या. ते तोडू नका."

बाळ घरी आलं त्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. "तिचं दूध पाजू नका बरं का. त्यो रोग रक्तात भिनल्याला असतो. पावडर आना."

डॉक्टरबाईंचे शब्द माझ्या कानात ताजे होते. ते सांगायला हवे होते. पण बोलणं वाढलं असतं, मग रोग आला कुठून, पहिला ताप कुणाला, इथपर्यंत गेलं असतं. मी म्हणालो, "बरोबर आहे तुमचं." आणि पावडरचा डबा आणायला निघालो.

लेकीला पान्हा दाटून यायचा. ती वाटीत दूध पिळायची. बाळ शेजारी रडत असायचं. बायको ती वाटी घेऊन परसात जायची आणि कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतायची, कारण आईचं दूध कुणाच्या पायाखाली जाऊ नये. पोटच्या पोरीला मिळत नव्हतं ते झाडाला मिळत होतं, आणि हे मी पडवीत बसून पाहत होतो.

शेवटी बायकोनंच वाटी आपटली. "आता मी पाजायला लावनार. ज्याला मरायचं भ्या वाटतं त्यानं गोठ्यात निजावं."

कुणीही मेलं नाही. नात दूध प्यायली आणि बाळसं धरू लागली.

पण नाव पडायचं ते पडलं. काचेतली पोर. बारशाला ठेवलेलं नाव कागदावर राहिलं, गावानं हे घेतलं, आणि लेक सुप्याला परतली तेव्हा ते तिच्यामागे तिथंही गेलं. तिच्या सर्दीला नुसती सर्दी म्हणायला कुणी तयार नव्हतं. दात उशिरा आले, आईमुळे. पाऊल उशिरा टाकलं, आईमुळे. माझ्या धाकट्या भावानं तर दोन वर्षांचा होईपर्यंत पाऊल टाकलं नव्हतं, तेव्हा कोरोना कुठं होता? डॉक्टर दर तपासणीला सांगत होते की वाढ ठीक आहे, वजन उंचीच्या मानानं बरं आहे. पण लेकीचा त्यावर विश्वास बसेना. ती झोपलेल्या पोरीच्या छातीवर कान लावून बसायची. एकदा मला म्हणाली, "अण्णा, मी तेव्हा अजून जपायला पाहिजे होतं का?"

मी म्हणालो, "झालं गेलं सोडून दे." असं बोलणाऱ्या बापाच्या तोंडात मारायला हवी.

पुढे एकदा काट्यावर एका ट्रॅक्टरवाल्यानं सहज विचारलं, "काय, काचेतली कशी हाय?" मी त्याची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं. तो बिचारा म्हणत राहिला, "आवो, मी काय वंगाळ बोललो? समदे तेच म्हंत्यात." खरंच होतं त्याचं. ज्याची गचांडी धरायला हवी होती तो माणूस मला रोज दाढी करताना दिसायचा.

यंदा नातीला शाळेत घालायचं ठरलं. त्याआधी लेक, जावई आणि विहीणबाई आमच्याकडे आले. नात अंगणात वासरामागे धावत होती. धूळ उडाली आणि ती खोकली. जेवायला बसलेल्या विहीणबाई लगेच म्हणाल्या, "तिला पळू देऊ नको गं. अधू छाती पोटातूनच घेऊन आली हाय, आईची कृपा."

जावई खाली मान घालून भाकरी मोडत राहिला. लेकीनं नातीला आत बोलावून भिंतीशी बसवलं. नातीनं पदर ओढत विचारलं, "आई, मी काचेतली आहे म्हणून पळायचं नाही का?"

विहीणबाईंनी आमटीचा भुरका मारला आणि हसून म्हणाल्या, "आज आमटी लईच अळणी झाली बाई."

"ह्यांच्या बीपीमुळं मीठ कमीच टाकते मी," बायको म्हणाली.

लेक मीठ घेऊन आली. विहीणबाईंना वाढलं. मग माझ्या ताटापाशी थांबली आणि अगदी त्या दुपारसारखं माझ्याकडे पाहिलं. "अण्णा, तुम्हाला?"

तेव्हा मला उमगलं. तिनं त्या दिवशी आमटी स्वतः चाखली होती. तिला सगळं तेव्हाच कळलं होतं.

मी हात ताटातच ठेवून म्हणालो, "विहीणबाई, हिनं काही आणलं नव्हतं. आधी आजारी मी होतो. साखरपुड्याला जाऊन आजार मी घरात आणला आणि नाव हिचं सांगितलं."

विहीणबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. बायको चुलीपाशी खाली बसली. मी लेकीला विचारलं, "तुला माहीत होतं, मग बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "तुम्ही बोलाल असं वाटलं होतं. आधी दर दिवशी वाटायचं. नंतर सोडून दिलं."

मी उठलो. उष्ट्या हातानंच तिच्यासमोर उभा राहिलो. नात भिंतीशी बसून बघत होती, तिलाही ऐकू जाईल असं बोललो.

"त्या दिवशी आमटीत मीठ बरोबर होतं, बाळा. तुझं काहीच चुकलं नव्हतं. हिला तू आजार दिला नाहीस. हिच्या तोंडचं तुझं दूध मी तोडलं आणि इतकी वर्षं तुला माझ्या वाट्याचं ऐकू दिलं. मी भ्यालो होतो. माझं चुकलं. मला माफ कर."