दादाच्या दुधातलं केसर

"अहो, पिऊ नोका ते दूध!" वहिनी दारातूनच अशी ओरडली की तिगाव स्टेशनात उभी मालगाडी सिग्नल नसताना सुटली असेल. केसराचा वास आला की पांढुर्ण्यातली ती खोली मला अजून आठवते. दादाने संत्र्याची बाग सोडून केसराचे कंद आणले, त्यांच्यासाठी खोलीत एसी लावला आणि आम्हाला गच्चीवर झोपवलं. खोलीत गारठा एवढा की भिंतीवरची पाल स्वेटर मागायची. शेवटी जांभळी फुलं आली. दादाने ताटभर फुलांचे लाल तंतू तोडून दुधात टाकले आणि अर्धा पेला रिचवला, तोच सौसरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी वहिनी आली. "कोपऱ्यातल्या कुंडीतल्या फुलात सहा पिवळे पुंकेसर आहेत! ते केसर नाही, तसंच दिसणारं विषारी फूल आहे. कंदांत भेसळ झाली!" "न् खऱ्या केसरात किती असते?" दादाने विचारलं. "तीन." दादा फुलापेक्षा जांभळा पडला. "अबे, पाहून काय राहिला? मोज!" तो माझ्यावर खेकसला. ताटातलं एकेक फूल मी उघडत गेलो. तीन. तीन. एका पाकळीमागे चौथा दिसला आणि वहिनीने माझा दंड आवळला. फुंकर मारली तर तो तुटक्या तंतूचा तुकडा निघाला. शेवटच्या फुलातही तीनच. म्हणजे विषारी फूल कुंडीतच राहिलं होतं. "दादा, कसं वाटून राहिलं?" मी विचारलं. मिशी पुसत तो म्हणाला, "साखर कमी होती."