चिंतामणरावांचा गुरुवार

वऱ्हाड मध्यप्रांतासोबत नांदत होता त्या काळी बुलढाण्यात आम्ही तीन पेन्शनरांनी एक मंडळ काढलं. चिंतामणराव हेडमास्तर, भगवंतराव ओव्हरसियर, आणि मी पोस्टमास्तर. जन्मभर लोकांची पत्रं हाताळून चौकस झालेला. कर्ता माणूस गेलेल्या घरी ज्वारी पोचवायची, आणि मोताळा-सोनाळ्याकडून शिकायला आलेल्या गरीब मुलांना वार लावून द्यायचे. म्हणजे रोज एकेका घरी, शाळेआधी, पोटभर जेवण.

वार वाटताना चिंतामणराव ताडकन उठले. "गुरुवार माझा! गुरूचा वार हेडमास्तराकडेच शोभतो." भगवंतरावांच्या वाट्याला शुक्रवार आला.

दोन महिन्यांत गावभर एकच बोलणं. शुक्रवारी मुलं सहा-सहा भाकरी खातात, भगवंतरावांच्या विमलबाईंच्या हाताला काय चव आहे! देवळात कोणी भगवंतरावांना आधी नमस्कार केला की चिंतामणरावांच्या कपाळाची शीर तटतटायची. मंडळाची कल्पना त्यांची, मुलं त्यांची, आणि कौतुक रस्ते मोजणाऱ्या माणसाचं!

"तूप ओतत असेल लेकाचा," ते मला म्हणाले.

"डब्यानं ओततो म्हणे," मी म्हणालो. मला खरं पहिल्याच महिन्यात उमगलं होतं. पण फुकटची करमणूक कोण घालवतो?

शेवटी एका शुक्रवारी ते स्वतःच भगवंतरावांच्या पंगतीला जाऊन बसले. मीही मागोमाग. पाहतात तर साधं वांग्याचं भरीत, ठेचा, भाकरी. तुपाचा थेंब नाही. मुलं मात्र तुटून पडलेली.

"काऊन रे," चिंतामणरावांनी शेजारच्या कडूबाला विचारलं, "माझ्याकडे चार घासांत उठता, अन् इथं?"

कडूबानं घास गिळला. "गुरुजी, काल तुमच्या घरी समद्यांचा उपास होता ना. आमाले मूठभर शेंगदाणे अन् गुळाचा खडा भेटला. आज कालचं धरून खाऊन राह्यलो."

दत्ताचा गुरुवार! बावीस वर्षं त्या घरात दिवस मावळेपर्यंत चूल पेटत नव्हती, आणि वार मागताना हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. भगवंतराव मिशीत हसले. विमलबाईंची कीर्ती चिंतामणरावांच्याच थंड चुलीवर शिजत होती.

वार बदलून घ्या, असं मी सुचवलं. "आणि गुरूचा वार ह्याला देऊ? मुळीच नाही!" चिंतामणराव उसळले.

तापानं फणफणतानाही न मोडलेला उपास त्या माणसानं पुढच्याच गुरुवारी मोडला. सकाळी सातला चूल पेटली. रुखमाबाईंनी धास्तावून विचारलं, "अहो, महाराज काय म्हणतील?"

"महाराजांना मी समजावीन. तू पुरण वाट."

त्या दिवशी मुलं उठता उठेनात. दुसऱ्या दिवशी चिंतामणराव सहज फिरत फिरत भगवंतरावांच्या गोठ्याशी थांबले. म्हैस शुक्रवारच्या पंगतीतून उरलेल्या भाकरी चघळत होती. तिच्या पाठीवर त्यांनी इतक्या मायेनं हात फिरवला, की तसा तो माझ्या पाठीवर चाळीस वर्षांत फिरला नव्हता.