नातीच्या डब्यातले लाडू

तीन महिन्यांसाठी म्हणून मी आयर्लंडला गेले आणि पावणेदोन वर्षं राहिले. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये मुलाकडे किलकेनीला उतरले आणि पुढच्याच आठवड्यात सगळं बंद झालं. मुलगा माळ्यावरच्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन बसलेला, सूनबाई दवाखान्यात नर्स असल्यामुळे ती तेवढी बाहेर. आणि मी, सांगलीची निवृत्त मुख्याध्यापिका, जिने नुसतं चष्म्यावरून पाहिलं तरी वर्ग चिडीचूप व्हायचा, ती खिडकीत बसून समोरच्या शेतातल्या मेंढ्या बघायची. चिडचिड होणार नाही तर काय!

त्या घरात माझ्यासारखंच आणखी एक माणूस तगमगत होतं. माझी नात. एकोणीस वर्षांची, स्कीइंगची खेळाडू. हौसेची नव्हे, पेशाने. कॉलेज एक वर्ष बाजूला ठेवून तिने त्यालाच वाहून घेतलं होतं. आता आयर्लंडमध्ये स्कीइंगला बर्फ कुठला, हा प्रश्न मीही पहिल्याच दिवशी विचारला. तर म्हणे बर्फाच्या देशात जायचं हिवाळ्यात. एरवी त्या लांब पट्ट्यांना पुढे-मागे चाकं लावायची, हातात दोन काठ्या घ्यायच्या आणि डांबरी रस्त्यावरून सुटायचं. डोंगरावरून घसरत खाली येण्याची स्की ती नव्हेच. हिची स्की म्हणजे सपाटीवर आणि चढावर दहा-दहा किलोमीटर पळणं.

आमच्या घरामागे एक लांबलचक चढ होता, दोन्ही बाजूंना काटेरी कुंपणं. त्या चढावर ती पावसात, धुक्यात, रोज वर-खाली करायची. ट्रॅक्टरवाला शेजारी थांबून तिला वाट द्यायचा आणि मला हात करून ओरडायचा, "शी'ज ग्रँड!" तिकडे नुसतं 'बरं चाललंय' म्हणायलाही ग्रँडच म्हणतात. मला वाटायचं, ग्रँड काय डोंबलाचं? पोरीची छाती धपापतेय, नाक लाल झालंय, हातांना घट्टे पडलेत. आणि एवढं करून नंबर कितवा, तर गेल्या हिवाळ्यात साठावा.

एकदा न राहवून विचारलं, "बाई गं, बक्षीस नाही, बर्फ नाही, कशाला जीव काढतेस?"

तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत, तेही तिथला हेल काढून. मी तिचं बोलणं मराठीतच लिहिते, मला ते तसंच आठवतं. चाकांतला चिखल काढता काढता ती म्हणाली, "आजी, चढावर एक जागा अशी येते की पाय म्हणतात, बास. तिथून पुढे जे उरतं ना, ते सगळं माझं असतं. ते किती आहे, मला बघायचंय." मग हसली. "आणि पहिल्या वर्षी मी शेवटची आले होते, हे विसरू नकोस. साठावी म्हणजे केवढी प्रगती!"

मी मान डोलावली. कळलं किती, देव जाणे. पण त्या वर्षी तिचं काय पणाला लागलंय, ते मला पक्कं ठाऊक होतं. नोव्हेंबरच्या शेवटी स्वीडनमध्ये हंगामाच्या पहिल्या शर्यती होत्या. त्यांत ठरावीक वेळेच्या आत आली तर फेब्रुवारीतल्या मोठ्या स्पर्धेसाठी देशाच्या संघात. जागा एकच आणि मुली दोघी. फ्रीजवर तिने ती वेळ लिहून चिकटवली होती.

ऑक्टोबरात एका सकाळी सहाला बेल वाजली. दारात मास्क लावलेली एक बाई, हातात पेटी. खेळाडूंनी उत्तेजकं घेतलीत का, ते तपासणारी. नातीने रोज एक तास कुठे सापडेल हे आधीच कळवून ठेवायचं, आणि हे लोक न सांगता येऊन लघवीचा नमुना घेऊन जाणार. तोही ही बाई समोर उभी राहून! माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "चोर आहे का आमची पोर?" नात मात्र शांत. बाई गेल्यावर तिने मला समजावलं, "आजी, माझ्या अंगात काय जातं त्याला मीच जबाबदार. खोकल्याचं औषधसुद्धा विचारून घ्यावं लागतं. कोणी मला न सांगता काही दिलं, तरी दोष माझाच."

हे मी ऐकलं होतं. या कानांनी ऐकलं होतं. म्हणून तर आज सांगताना जीभ जड होते.

थंडी वाढली तसा तिला खोकला सुरू झाला. चढावरून आली की कोरडा, खणखणीत खोकला. या खेळातल्या सगळ्यांनाच होतो, असं ती म्हणायची. मला ते बघवेना. मला स्वतःला थंडीत दम लागतो, आणि सांगलीचे आमचे वैद्यबुवा त्यावर चूर्णाच्या पुड्या देतात. पांढऱ्या कागदाच्या, वर ना नाव ना गाव. सप्टेंबरात भाच्याने पार्सल केलेल्या होत्या. एक पुडी घेतली की छाती अशी मोकळी होते की जिना दोनदा चढावा. मी पंधरा वर्षं घेतेय, मला कुठे काय झालं?

हिवाळा लागला की आमच्याकडे डिंकाचे लाडू होतात. डब्लिनच्या दुकानातून मुलाने डिंक, खारीक, सुकं खोबरं मागवून दिलं. नात स्वीडनला निघायला चार दिवस होते. मी डिंक तळला, खारीक कुटली, गुळाचा पाक केला, आणि सूनबाई कामावर गेलेली बघून बारा पुड्या त्यात रिकाम्या केल्या. चव लागू नये म्हणून मेथी जरा जास्त घातली. म्हणजे बघा, लपवायचं हे मला कळत होतं. मनाला मात्र सांगत होते, ती तपासणी सुया टोचून घेणाऱ्यांसाठी, डब्यातल्या पावडरी खाणाऱ्यांसाठी. झाडपाल्याला कोण विचारतंय!

आणि खरं सांगायचं तर नुसती माया नव्हती त्यात. माझाही हात लागावा असं वाटत होतं. सांगलीला बहिणीला फोनवर मी आधीच सांगून मोकळी झाले होते, की बघच आता, माझ्या लाडवांवर पळते की नाही पोरगी.

निघायच्या आदल्या दिवशी नात स्वयंपाकघरात वही घेऊन बसली. सोबत नेणार ते प्रत्येक खाणं ती त्यात लिहायची.

"आजी, लाडवात काय काय आहे?"

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. डिंक, खारीक, खोबरं, खसखस, मेथी, गूळ, तूप.

"आणखी काही?"

"काही नाही."

"नक्की, आजी?"

तेव्हा सांगितलं असतं तर? डबा घरी राहिला असता, एवढंच झालं असतं. फार तर मुलगा चार शब्द बोलला असता. पण मला कोणी दोनदा विचारलेलं कधी खपलं नाही. मी आवाज चढवला, "अगं, नातीला विष घालीन का मी?" ती ओशाळली. "सॉरी आजी" म्हणाली, वही मिटली आणि माझ्या गालाला गाल लावून गेली. माझी जीभ झडली नाही तेव्हा.

स्वीडनहून तिचे फोन यायचे. भरपूर बर्फ पडलाय, पट्ट्यांना कुठलं मेण लावायचं यावरून रोज वाद, खोकला बरा आहे. रोज सकाळी एक लाडू खाते, लाडू एकदम ग्रँड आहेत. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घ्यायची.

शर्यतीच्या सकाळी मला दम लागला. लाडवांत बारा पुड्या गेल्यामुळे माझ्या संपल्या होत्या, आणि त्या दिवशी हवाही कुंद होती. सूनबाई घरी होती. ती म्हणाली, "आई, तुमचं चूर्ण घ्या ना." मी म्हटलं, संपलं. "संपेल कसं? नाताळपर्यंतचं आहे म्हणाला होतात." तिने माझ्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे, मग परत माझ्याकडे. रोज आजारी माणसं बघणारी बाई ती, तिच्यापासून काय लपणार?

"आई, तुम्ही लाडवात घातलंत?"

मी 'हो' म्हणून मान हलवली.

तिने मुलाला हाक मारली. मुलगा धडधड जिना उतरून आला. आमच्याकडे आठ वाजले होते, सांगलीत दुपारचा दीड. वैद्यबुवा जेवून आडवे झालेले, त्यांना उठवलं. ते सहज म्हणाले, "दम्याचं आहे ना, मग सोमलता असणारच त्यात." सूनबाईने ते नाव फोनवर शोधलं आणि खुर्चीत बसलीच. त्या झुडपात उत्तेजक असतं, शर्यतीच्या दिवशी जे अंगात सापडायला नको, नेमकं तेच.

मुलगा माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "आई, तिने तुला विचारलं होतं ना?"

प्रशिक्षकाच्या फोनवर नात सापडली. शर्यतीला तास-सव्वा तास होता. अंगावर नंबर चढवून ती पाय गरम करत होती. सूनबाईने सगळं सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडून वाऱ्याचा आवाज आणि लोकांची गडबड ऐकू येत होती.

"सगळ्या लाडवांत, आजी?"

"सगळ्या."

"मी आज सकाळी खाल्लाय."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "पळ तू पोरी, कोणाला कळतंय? मी कोणाला बोलणार नाही." हो, तेव्हाही मी हेच म्हणाले! लाज वाटते लिहायला, पण म्हणाले.

ती म्हणाली, "मला कळलंय ना, आजी," आणि फोन ठेवला.

मुलाने कॉम्प्युटरवर शर्यत लावली होती. एकेक नाव वर सरकत होतं, पुढे वेळ उमटत होती. आमच्या नातीच्या नावापुढे तीन अक्षरं आली. मी विचारलं, याचा अर्थ काय? तो म्हणाला, "सुरुवात केली नाही."

तिने स्वतः जाऊन सगळं सांगून टाकलं. त्यामुळे बंदी आली नाही, तिच्या नावाला काळं लागलं नाही. पण चौकशी होऊन अहवाल स्वच्छ येईपर्यंत पळायचं नाही, असं ठरलं. मलाही लेखी जबाब द्यावा लागला. तीस वर्षं मुलांकडून माफीनामे लिहून घेतले, स्वतः लिहायला बसले तर पहिल्या ओळीपुढे जाता येईना. सूनबाईने मग त्याचं इंग्रजी केलं. अहवाल आला तोवर त्या शर्यती संपल्या होत्या. संघात दुसरी मुलगी गेली. जानेवारीत सगळीकडच्या सीमा पुन्हा बंद झाल्या आणि नातीचा हिवाळा आमच्या घरामागच्या चढावर, पावसात गेला.

ती माझ्यावर एकदाही चिडली नाही. चिडायला हवं होतं. डिसेंबरात परतली तेव्हा मी पाया पडायलाच निघाले होते, तर तिने मलाच मिठी मारली. "तू मुद्दाम नाही केलंस," म्हणाली. पण मुद्दामच तर केलं होतं मी! मेथी काय आपोआप जास्त पडली?

फक्त एक झालं. माझ्या हातचं तिने खाणं सोडलं. त्रागा नाही, तोंड वाकडं नाही. मी चहा पुढे केला की, "नको आजी, आय'म ग्रँड," आणि उठून स्वतःचा स्वतः करायची. पाण्याचा पेलासुद्धा मी भरलेला नको. प्रशिक्षकांनी घातलेला नियमच तो, झाकण उघडलेलं कोणाकडूनही घ्यायचं नाही. आईकडूनही नाही, असं ती मला सांगायची. सूनबाईनेही तो पाळला. पण नियम कोणामुळे आला, ते त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

एकवीसच्या उन्हाळ्यात मला परत जाता आलं असतं. भारतातली कोरोनाची दुसरी लाट ओसरेना म्हणून मुलाने थांबवलं, आणि मीही थांबले. मनात होतं की या मुलीला एकदा जाताना नीट निरोप द्यावा. नोव्हेंबर आला, ती पुन्हा स्वीडनला निघाली. त्या सकाळी मी कोट घालून, काठी घेऊन, एकटी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. बिस्किटांचा एक पुडा घेतला. तिला लहानपणापासून आवडणारी, साधी ओटची बिस्किटं. घरी येताना तो पुडा मी पिशवीत घातला नाही, हातात सगळ्यांना दिसेल असा धरला.

ती दारात बूट घालत होती. मी पुडा पुढे केला आणि म्हटलं, "बघ, फोडलेला नाही."

तिने तो घेतला. माझ्याकडे बघून गोड हसली. मग पुडा उलटा केला आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागली. मी भिंतीला धरून उभी राहिले. तिने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं, पुड्याची दोन्ही टोकं बोटाने चाचपून बघितली, आणि मगच तो फोडून त्यातलं एक बिस्किट तोंडात टाकलं.