शंभराच्या वर गेलेली रेघ

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे, हे आधीच कबूल करते. माझा विश्वास फक्त मीटरवर. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण लिहिते.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. राहायला वर्तकनगरला, नोकरी नौपाड्यात — एका डेंटिस्टच्या दवाखान्याच्या वर आमची एडिटिंगची खोली. दोन टेप मशीन, एक टीव्ही आणि शेजारी हिरव्या रेघेचा मॉनिटर. चित्रात जिथे उजेड, तिथे ती रेघ वर. शंभराच्या वर गेली की चित्र इल्लीगल! कारण पांढरं फार झालं की घरोघरच्या टीव्हीतून घूंऽऽ असा आवाज येतो. चॅनेलवाले सरळ टेप परत पाठवायचे. मी या बाबतीत इतकी खडूस, की आमचा दिग्दर्शक शिरीष मला मास्तरीणबाई म्हणायचा.

शिरीषने कळव्याच्या खाडीवरच्या कोळ्यांवर फिल्म केलेली. दोन वर्षं राबलेला बिचारा. उजेडाच्या लेव्हलपायी टेप एकदा परत आलेली. पुन्हा आली तर फिल्म कायमची बाद. दुसऱ्या दिवशी सकाळी ती द्यायची होती.

त्या दुपारी मी शेवटचं तपासत होते. एका शॉटमध्ये कोळीवाड्यातल्या लक्ष्मीआजी होडीतल्या फळीवर बसून बोलतायत — खाडीत बुडालेल्या मुलाबद्दल. जेमतेम बारा सेकंद. ढगाळ हवा, तपकिरी होडी, पांढरं काही नाही. आणि रेघेचा एक बारीक सुळका शंभराच्या पार वर! मी बटण फिरवून उजेड कमी केला. सगळं चित्र काळवंडलं, सुळका तिथेच. मशीनचं हेड पुसलं, टेप दुसऱ्या मशीनवर लावली... तेच. मग नीट पाहिलं. सुळका डाव्या कडेपासून हळूहळू सरकत येत होता आणि आजींच्या शेजारी येऊन थांबत होता. चित्रात तिथे नुसती रिकामी फळी.

"शिरीष, हे बघ रे."

"पाण्याची चमक असेल गं."

"फळीवर?"

मग शूटिंगची मूळ टेप लावून, मागे नेऊन त्या शॉटच्या आधीचं ऐकलं. आजी कडेला सरकतात, फळीवरून हात फिरवतात आणि हळूच म्हणतात, "ये रे पोरा, बस."

"तुला म्हणाल्या?" मी विचारलं.

"मी कॅमेऱ्यामागे होतो. मला कशाला म्हणतील?" शिरीषचा चेहरा उतरला. "आता काय करायचं गं?"

खरं सांगते, मला भीती नाही वाटली, राग आला. हातातोंडाशी आलेलं काम! "कापते," म्हटलं. बारा सेकंद काढले, तिथे खाडीचं पाणी लावलं, आजींचा आवाज तेवढा ठेवला. रेघ मुकाट्याने खाली बसली. टेप पास झाली.

रविवारी फिल्म लागली तेव्हा आजींनी आम्हाला घरी जेवायला बोलावलेलं. अख्खी आळी टीव्हीपुढे... आजी पडद्याला अगदी खेटून बसलेल्या. मग पानं वाढताना माझ्याजवळ येऊन विचारलं, "होडीत बसलेले मी, ते कुठं गेलं गो बाय? माजा पोर आलेला का त्यात? मी जागा ठेवलेली त्याला."

शिरीष खाली बघत होता. मी म्हटलं, "नाही हो आजी. कोणी नव्हतं."

"बरं," म्हणाल्या. आणि माझ्या पानात आणखी एक बोंबील वाढला.

आजींना खोलीवर आणायचं, मूळ टेप दाखवून सगळं खरं सांगायचं, असं ठरवून सोमवारी लवकर कामावर गेले. पण काम पास झालं की मूळ टेपवर दुसरं शूटिंग करायची आमची पद्धत. तिच्यावर डोंबिवलीतलं कोणाचं तरी लग्न आलेलं. मी सगळी टेप बघितली. सुळका कुठेच नव्हता.

तो काय होता, मला आजही माहीत नाही. इंजिनियर लोकांना विचारलं. प्रत्येकाने वेगळं कारण सांगितलं, एकही पटलं नाही. हातात पुरावा उरला नाही म्हणून मी आजींकडे पुन्हा गेलेच नाही... अहो, पण पुरावा त्यांनी मागितला होता कुठे? माझं एक 'हो' तेवढं हवं होतं.