डावीकडून परतणारे लाकूड

लाकडाचे लहान देव्हारे घडवण्याचा छंद मी आयुष्यभर जोपासला. म्हणून गेल्या उन्हाळ्यात, सोलापुरातील ज्या शाळेत मी संस्कृत शिकवले, तिथल्या सुटीच्या शिबिरात मुलांकडून बूमरँग करवून घेण्याचे काम माझ्याकडे आले. पातळ प्लायवूडवर कोनाकार आकृती आखायची, करवतीने कापायची, कानशीने वरची बाजू उतरती करायची आणि खालची सपाटच ठेवायची. हत्यारांना नमस्कार करून आम्ही आरंभ केला.

भीती मात्र पहिल्याच दिवशी मनात शिरली. अस्त्राच्या प्रयोगाइतकाच त्याचा उपसंहार महत्त्वाचा, ज्याला ते आवरता येत नाही त्याने ते सोडूच नये, असे पाठशाळेत ऐकत मी वाढलो. आणि हे तर सोडणाऱ्यावरच उलटून येणारे लाकूड!

सगळी भीती अखेर एका मुलीपाशी येऊन थांबे. तिचे वडील यंत्रमागावर कामाला. लहानपणी ती त्यांचा डबा घेऊन कारखान्यात गेली असता मागावरून धोटा सुटला. सुताची कांडी पोटात घेऊन ताण्यातून धावणारे, टोकांना पोलाद बसवलेले ते लाकूड तिचा डावा डोळा घेऊन गेले. तेव्हापासून डावीकडे पाहायचे झाले की ती नुसती मान न वळवता सगळे अंगच वळवी. मुले तिला ‘भोवरा’ म्हणत. तीही हसे.

फेकण्याच्या दिवशी सकाळी तिची आई मैदानावर आली.

“गुरुजी, लाकूड उडवायला शिकवताय म्हणं पोरीला? एक डोळा लाकडानंच गेला की.”

“बाई, ती फेकणार नाही,” मी तत्काळ म्हणालो. सुटल्यासारखे वाटले.

मुलगी घासूनपुसून गुळगुळीत केलेले बूमरँग छातीशी धरून उभी होती. “अम्मा, धोटा न सांगता आला. हे येणार ते मला ठाऊक हाय की.”

“ठाऊक असलं म्हणून लागायचं राहतंय व्हय?”

“मग मी काय नुसतं घासायलाच आले?”

आईने माझ्याकडे पाहिले. “एकदाच,” ती शेवटी म्हणाली. “तुमच्या भरवशावर, गुरुजी.”

ऊन डोळ्यात जाऊ नये म्हणून मुलीला सूर्याकडे पाठ करून उभे केले. चिमूटभर माती सोडून वारा पाहिला. इतर मुलांना दूर लिंबाखाली बसवले. नजरेतून सुटले तर डोके झाकून खाली बस, असे तिच्याकडून वदवून घेतले.

तिने फेकले. लाकूड घरघरत वर चढले, डावीकडे झुकले, आणि तेव्हा कुठे मला उमगले. उजव्या हाताने फेकलेले हे लाकूड डावीकडून परतते. सकाळपासून इतर मुलांची लाकडे परतताना मी पाहिलीही होती. सूर्य, वारा, अंतर, सगळ्यांचा विचार केला होता. ते तिच्या कोणत्या डोळ्याच्या बाजूने येणार, एवढाच राहिला होता.

नेत्रांचा स्वामी सूर्यनारायण. त्याला मनात इतकेच म्हणालो, एकच उरला आहे, तो राख.

ती मात्र वळत होती. एरवी वळे तशीच, पावलांपासून, सगळ्या अंगाने, उजवा डोळा त्या लाकडावरून न काढता. भिरभिरत येऊन ते तिच्या पुढ्यात, हातभर अंतरावर, मातीत आपटले.

“भोवरा! भोवरा!” लिंबाखालून आरोळी उठली.

आई धावली ती मुलीकडे नव्हे, लाकडाकडे. ते उचलून, धोटा तपासावा तसा तिने त्याच्या टोकावरून अंगठा फिरवला. आता ती ते पदराखाली घालून घरी नेईल, अशी मला आशा होती. तिने ते मुलीच्या हातात दिले आणि स्वतः तिच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली.

“फेक. हिकडनं मी बघते.”

एकदाच ठरले होते, एवढे मला म्हणायचे होते. पण मुलीचा हात वर गेला होता.